सायलेन्सरची टिप चमकवली तरी पुन्हा काळी पडतेय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सोलापुरात गाड्या धुण्याच्या आणि पॉलिशच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार एकच: "अण्णा, परवाच चमकवून नेलं होतं, परत काळं व्हायलंय की!" ही तक्रार सायलेन्सरच्या टिपची, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या पाइपच्या मागच्या टोकाची. यातल्या बऱ्याच गाड्यांना पॉलिश लागतच नाही, साबणपाणी पुरतं. काहींची टिप नको त्या गोष्टीने घासून कोणीतरी आधीच खराब केलेली असते. आणि थोड्या गाड्यांत टिप बरी असते, बिघाड पुढे इंजिनात असतो. अशा गाडीला कितीही महागडं पॉलिश लावा, टाकी संपायच्या आत काळं परत येणारच. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक कामाकडे जातो. मधलं वगळून थेट शेवटाला जाऊ नका.

लक्षणं

गाडी थंड असताना, सकाळच्या उजेडात, मागे उकिडवे बसून नीट बघा. यापैकी काय दिसतंय?

- टिपच्या आत कोरडी, हलकी काजळी. बोटाला लागते, चोळली की भुकटी होते.
- आत ओलं, चिकट, तेलकट काळं. पुसलं तर पसरतं.
- काळं आहे, पण बाहेरच्या बाजूला आणि खालच्या कडेला. आतून टिप त्यामानाने स्वच्छ.
- धुतल्यावर वाळले की उमटणारे पांढरे गोल डाग.
- तपकिरी ठिपके, किंवा घासल्यावर दोन-चार दिवसांत येणारा तांबूस थर.
- पिवळसर, सोनेरी, जांभळट किंवा निळी झाक, जी साबणाने हलत नाही.
- चकाकी पापुद्र्यासारखी सुटतेय, खाली पिवळट किंवा गंजका धातू दिसतोय.
- टिपपेक्षा बंपरच जास्त काळा झालाय.
- दोन टिप आहेत आणि एकच काळी पडते.

शेवटच्या लक्षणाबद्दल इथेच सांगून टाकतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही पाइपांतून धूर सारखा जात नाही. पाइपची वळणं वेगळी असतात, काहींत एका बाजूला झडप असते. दोन्हींतली काजळी कोरडी असेल तर एक जास्त काळी असण्यात काही नवल नाही.

सकाळी टिपमधून पाणी ठिबकतं म्हणूनही लोक घाबरून येतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पाइप थंड असला की त्याची वाफ आतच थिजते आणि थेंब काजळी घेऊन बाहेर पडतात, म्हणून फरशीवर काळे शिंतोडे दिसतात. इंजिन तापल्यावर हे थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर शेवटचा भाग वाचा.

बोट, पांढरं फडकं आणि जुनं वर्तमानपत्र

गाडी बंद करून किमान तासभर झालेला असू द्या. हातमोजे घाला. जुन्या बनियनचा पांढरा तुकडा बोटाला गुंडाळून टिपच्या आत इंचभर फिरवा आणि तो वर्तमानपत्रावर दाबून ठेवा. नुसती काजळी असेल तर कागदावर कोरडी राख उरते. तेल असेल तर काळ्या डागाभोवती अर्धपारदर्शक कडं पसरतं, कागद उजेडात धरला की ते स्पष्ट दिसतं.

या एका तपासणीवर पुढचं सगळं ठरतं. कोरडी काजळी म्हणजे इंधन पूर्ण जळलं नाही. तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पहिल्याचा उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो, दुसऱ्याचा नसतो.

काजळी किती असावी, हे गाडीवर अवलंबून आहे. साध्या पेट्रोल गाडीत राखाडी-काळा पातळ थर चालतो. टर्बो पेट्रोल आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर काजळी जास्तच होते, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि हवेत मिसळायला त्याला वेळ कमी मिळतो. अशा गाडीची टिप महिनाभर पांढरी राहील ही अपेक्षा सोडा. सीएनजीची टिप सगळ्यात स्वच्छ राहते. ती काळी पडत असेल तर गाडी बराच वेळ पेट्रोलवरच चालतेय का, ते आधी बघा. जुन्या, फिल्टर नसलेल्या डिझेल गाडीत काळं होणं हा तिचा स्वभावच. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. तिची टिप वर्षानुवर्षं स्वच्छ राहायला हवी. ती काळी पडायला लागली तर पॉलिशचा डबा ठेवून द्या आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

हातमोज्यांचं मी उगाच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुकी काजळी फुंकरू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्यानेच टिपा.

ती काजळी आहे की आपली काळी माती?

पावसाळ्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही बाजूच्या शेतरस्त्याने गाडी आली की काळ्या मातीचा चिखल गरम टिपवर उडतो आणि तिथेच भाजून बसतो. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या हीच माती डांबरी रस्त्यावर आणून टाकतात, त्यामुळे हमरस्त्यावरूनही तेच होतं.

ओळख सोपी आहे. थोडं पाणी शिंपडा. मातीत पाणी मुरतं आणि तिचा रेंदा होतो. काजळीवरून पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं. शिवाय माती बाहेरून बसते, काजळी आतून. बाहेरच्या खालच्या कडेला चिकट काळे-तपकिरी ठिपके असतील आणि आत काही नसेल, तर ते डांबर. रस्त्याचं काम चालू असलेल्या भागातून आलेल्या गाडीवर ते हमखास दिसतं आणि लोक त्याला ऑइल समजून घाबरतात.

माती सुकी असताना कधीही घासू नका. तिच्यातली वाळू पॉलिश पेपरचंच काम करते. भिजू द्या, दहा मिनिटं थांबा, मग पाण्याच्या धारेने सोडवा.

टिप कशाची आहे?

फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक घ्या आणि टिपला लावा. तीन शक्यता.

चुंबक जवळजवळ चिकटत नाही आणि टिप जड, गार लागते: ३०४ जातीचं स्टेनलेस. चांगल्या स्टीलच्या भांड्यांत वापरतात तेच, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं. वाकवलेल्या कडेला किंचित ओढ जाणवते, त्याने गोंधळू नका. ही टिप कितीही वेळा घासून नवी करता येते, कारण वरपासून आतपर्यंत एकच धातू आहे.

चुंबक घट्ट चिकटतं आणि टिप आरशासारखी चकचकीत आहे: बहुतेक लोखंडावर क्रोमचा मुलामा. ॲक्सेसरीच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या, स्क्रूने आवळायच्या बऱ्याच टिप याच जातीच्या. या मुलाम्यातला क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याच्या खाली निकेल. म्हणजे घासायला तुमच्याकडे जवळजवळ काहीच नाही. पिवळट झाक दिसायला लागली की क्रोम गेलं, निकेल उघडं पडलं असं समजा.

चुंबक अजिबात चिकटत नाही, टिप हलकी आहे आणि नखाने वाजवली तर टकटक असा पोकळ आवाज येतो: ते प्लास्टिक आहे. हल्ली कितीतरी गाड्यांत बंपरमधली टिप नुसती शोभेची असते. खरा पाइप आत खाली वळवलेला असतो. मान वाकवून बघा, दिसेल. तिला फक्त शाम्पू आणि मऊ कापड. मेटल पॉलिश लावलं तर चकाकी ढगाळ होते आणि परत येत नाही.

सायलेन्सरचा डबा आणि मधला पाइप तपकिरी दिसतो म्हणून तोही घासून द्या, असं म्हणणारेही भेटतात. ते वेगळ्या जातीचं, कमी क्रोमियमचं स्टील असतं. वरवरचा तांबूस थर त्याला येतोच. भोक पडलेलं नसेल तर हात लावायची गरज नाही.

धुणं: पाणी आणि ऊन

पांढरे डाग हा खास आपला त्रास आहे. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून गाडी धुवायला बोअरचं पाणी वापरतात, आणि बोअरचं पाणी जड. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना दुपारी धुतलं तर पाणी पुसायच्या आत उडून जातं आणि त्यातला चुना टिपवर राहतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत धुवा आणि शेवटची बादली साध्या नळाच्या पाण्याची घ्या. ते नसेल तर एसीचं ठिबकणारं पाणी साठवून ठेवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बसलेले डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून, दोन मिनिटं ओलं फडकं लावून ठेवलं की सुटतात. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

काजळीसाठी भांड्याचं लिक्विड कोमट पाण्यात घाला. जुना टूथब्रश घ्या. आतून बाहेरच्या दिशेने घासा, म्हणजे सुटलेली काजळी पुन्हा आत ढकलली जाणार नाही. दोन बोटं जेवढं आत जातं तेवढंच साफ करा; त्याच्या पुढे कोणी बघत नाही आणि तिथे फडकं अडकलं तर काढताना नाकी नऊ येतात.

आधीची ढोबळ पुसणी जुन्या टॉवेलने करा. सोलापुरात टेरी टॉवेलची काय कमी? पण शेवटच्या चमकेसाठी तो वापरू नका, त्याची लव टिपच्या कडेला अडकते. तिथे मायक्रोफायबर. आणि गॅरेजमध्ये हात पुसायला ठेवलेलं वेस्ट, म्हणजे मागातून निघालेला सुताचा गुंता, टिपला लावू नका. त्यात लोखंडाचा कीस असतोच.

साबणाने न सुटलेली जुनी काजळी आणि डांबर यांना डब्ल्यूडी-४० किंवा थोडं रॉकेल. रॉकेलबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याची वाफ साधारण ३५-४० अंशांपासून पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच तेवढी तापलेली असते. थंड टिप, सावली, जवळ कोणी विडी ओढत नाही, एवढं पाहून मगच. काम झाल्यावर साबणाने पूर्ण धुऊन घ्या, नाहीतर गाडी सुरू केल्यावर तेच जळून पुन्हा काळं होतं आणि तुम्ही इंजिनाला दोष देता.

तपकिरी ठिपके कुठून येतात

आठवड्यात परत येणाऱ्या तक्रारींत काजळीच्या खालोखाल नंबर याचा, आणि दहांतल्या आठ वेळा कारण घरातच सापडतं: तारेची घासणी. लोखंडी तारेचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात. स्टेनलेस गंजत नाही, ते कण गंजतात. मग ठिपके दिसले की आणखी जोरात त्याच घासणीने घासलं जातं. तारच वापरायची असेल तर स्टेनलेसची किंवा ब्राँझची, ०००० नंबरची, तीही क्रोमवर नाही.

दुसरं कारण बाथरूम साफ करायचं ॲसिड. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड एका मिनिटात गंज काढतं, टिप पांढरीशुभ्र दिसते, म्हणून काही ठिकाणी सर्रास वापरतात. स्टेनलेस ज्या अदृश्य थरामुळे गंजत नाही तो थरच हे ॲसिड फोडतं. दोन आठवड्यांत बारीक छिद्रं आणि त्यात गंज. छिद्रं पडल्यावर पॉलिशने काही होत नाही. देवाची पितळी भांडी घासायची पावडरही नको, तिचे कण भरड असतात.

क्रोमवरचे वरवरचे ठिपके काढायला घरगुती उपाय चांगला आहे. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. ठिपका नखाला खळगा लागेल इतका खोल असेल तर थांबा, तिथे क्रोम फुटलेलं आहे.

पॉलिश

इथवर येईपर्यंत टिप स्वच्छ, कोरडी आणि गार असली पाहिजे. बंपरच्या कडेला मास्किंग टेप लावून घ्या. रंगावर मेटल पॉलिश लागलं तर रंग मंद होतो, आणि मग ते दुरुस्त करण्याचं काम टिपपेक्षा मोठं.

ऑटोसोल, ब्रासो किंवा स्टेनलेस-क्रोमसाठी चालणारं कुठलंही मेटल पॉलिश चालेल. वाटाण्याएवढं घ्या. एकावेळी टिपचा चतुर्थांश भाग. कापड काळं व्हायला लागतं ते बघून लोक घाबरतात. ते बहुतेक धातूवरचं पातळ ऑक्साइड आहे, तसंच व्हायला हवं. पॉलिश पूर्ण वाळायच्या आधी स्वच्छ बाजूने पुसून टाका. उन्हात वाळलं तर पांढरी पुटं बसतात आणि ती काढताना पुन्हा चरे पडतात.

टिपवर मुळातच बारीक रेषा असतील, ज्याला ब्रश फिनिश म्हणतात, तर रेषेच्या दिशेनेच हात फिरवा. गोल गोल फिरवलंत तर एक बाजू आरसा आणि एक बाजू मंद, असं विचित्र दिसतं.

खोल चरे किंवा जुना भाजलेला थर फक्त खऱ्या स्टेनलेसवर असेल तरच वॉटर पेपर. ८०० पासून सुरू, मग १०००, १५००, २०००, प्रत्येक वेळी पाणी लावून आणि आधीच्या रेषांना आडव्या दिशेने. आधीच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. २००० वर घाई केली की टिप उजेडात धुरकट दिसते आणि पुन्हा ८०० वर यावं लागतं. क्रोमवर कुठलाच नंबर नाही, ३००० सुद्धा नाही.

सोनेरी-निळी झाक ही मळ नसून तापल्यामुळे तयार झालेला ऑक्साइडचा थर आहे. स्टेनलेसवर साधारण ३०० अंशांच्या पुढे पिवळसर, ५००-६०० च्या आसपास निळा. मेटल पॉलिशने ती निघते. पण शहरात चालणाऱ्या साध्या गाडीची टिप इतकी तापत नाही. निळा रंग पुन्हा येत असेल तर आत काहीतरी जास्त तापतंय, त्याबद्दल पुढे. (मुद्दाम निळ्या रंगाच्या विकत मिळणाऱ्या टिपही आहेत. एका पोराने हौसेने घेतलेली तशी टिप त्याच्या वडिलांनी घासून पांढरी करायला आणली होती. मी आधी पोराला फोन लावायला सांगितलं.)

वरून साधं कार्नोबा वॅक्स लावून फारसा उपयोग नाही. ते ८२-८६ अंशांना वितळतं, टिपवर ते पहिल्या लांब फेरीतच जातं. जास्त तापमानाचं सीलंट किंवा चाकांसाठी मिळणारं कोटिंग लावा. त्याने काळं होणं थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी ओल्या फडक्याने निघतं.

आता खरी कसोटी

स्वच्छ टिपचा फोटो काढा आणि एक टाकी इंधन संपेपर्यंत हात लावू नका. गाडी नेहमीसारखी चालवा.

तुमचा रोजचा प्रवास जुळे सोलापूर ते सात रस्ता आणि परत, एवढाच असेल तर थोडी काजळी धरूनच चाला. थंड इंजिनाला गाडीतला कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतो, आणि इतक्या अंतरात इंजिन पुरतं तापायच्या आत तुम्ही पोहोचलेले असता. एखाद्या रविवारी मोहोळपर्यंत किंवा तुळजापूरला जाऊन या, एकसारख्या वेगाने. आल्यावर टिप पुसून पुन्हा बघा. मोठ्या फेरीनंतर काजळी कमी झाली तर दोष प्रवासाचा आहे, गाडीचा नाही.

मोठ्या फेरीनंतरही कोरडं काळं दाट बसत असेल तर पुढचं बघा, याच क्रमाने.

एअर फिल्टर. क्लिपा काढून पाच मिनिटांत हातात येतो. उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. आपल्याकडच्या धुळीत कंपनीने दिलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. डिझेल गाडीत तुंबलेल्या फिल्टरने सरळ काळा धूर येतो. आजच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर बरंच सांभाळून घेतो, त्यामुळे फिल्टर बदलून काजळी गेली नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पीयूसीचा कागद. वर्षाला एकदा काढतो आणि न वाचता डॅशबोर्डमध्ये ठेवतो. त्यावर आकडे असतात. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. निरोगी गाडीचा पहिला आकडा शून्याच्या अगदी जवळ असतो. गाडी पास झाली तरी आकडा मर्यादेला टेकत असेल तर इंधन जास्त जातंय. मात्र नळी नीट पाइपमध्ये घालून, इंजिन गरम असताना घेतलेलं मापच खरं.

तापमानाचा काटा. सोलापुरात ही गोष्ट विचाराच: गाडी गरम होते म्हणून कोणी कधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता का? उन्हाळ्यात असा सल्ला सहज दिला जातो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, कॉम्प्युटर त्याला थंडच समजून पेट्रोल जास्त देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि टिप काळी होते. नवीन थर्मोस्टॅट बसवणं हाच उपाय. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर आणि पंखा बघा.

स्कॅनर. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पी०१७२ हा कोड दिसला तर मिश्रणात इंधन जास्त. पी०३०० किंवा त्यापुढचे आकडे म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. कोड नसला तरी लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय की कापतोय तो आकडा, बघा: तो उणे दहाच्या खाली टिकून राहत असेल तर कॉम्प्युटर सतत इंधन कापतोय, म्हणजे कुठून तरी जास्त येतंय. गळका इंजेक्टर, म्हातारा ऑक्सिजन सेन्सर, मळलेला हवेचा सेन्सर, यातलं काही. एवढं कळल्यावर अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

बंपर काळा होत असेल तर तपास वेगळा आहे. टिप बंपरच्या आत तर गेलेली नाही ना? गार पाइप हाताने हलवून बघा. खूप हलत असेल तर सायलेन्सर टांगायचं रबर तुटलेलं आहे. रबर स्वस्त असतं, पण तसंच चालवलं तर जोडावर ताण येऊन पाइप फाटतो. वरून बसवलेली टिप असेल तर ती पाइपवर सैल आहे का बघा, फटीतून धूर बाहेर येऊन बंपरवर बसतो. हे बघायला नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. आणि धूर बघायला शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

टिप तेलकट आहे आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होतंय, किंवा निळा धूर येतोय. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील, टर्बोचं सील यापैकी काहीतरी. घरी होणारं काम नाही. मेकॅनिकला आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत जळायला पाठवणारी झडप) तपासायला सांगा, कारण तो स्वस्त आहे आणि तोच अडकला असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास, कूलंटची पातळी उतरतेय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलेलं असू शकतं. गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. नुसता लागणं वेगळं, लुकलुकणं वेगळं. मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पाइपमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जळत असतं आणि तो लालबुंद होतो. टिपवर परत परत निळी झाक येण्यामागे हेही असू शकतं. अशी गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका, खालून पेट घेते.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचा दिवा. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हमरस्त्यावर चालवून गेला तर ठीक. गेला नाही किंवा टिप काळी पडली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर. "फिल्टर काढून टाकतो, कटकट नको" असं कोणी म्हणालं तर गाडीची चावी परत मागून घ्या. ते बेकायदा आहे आणि पीयूसीलाही अडचण येते.

गाडीत बसल्यावर धुराचा वास येतोय, डोकं दुखतंय, किंवा सायलेन्सरचा आवाज अचानक फाटलाय. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. हा आठवडाभर ढकलण्याचा विषय नाही.

क्रोम सोललंय. याला पॉलिशवाल्याकडे उपाय नाही. प्लेटिंगवाल्याकडून नव्याने मुलामा करून घेता येतो, पण साध्या टिपसाठी तो खर्च परवडत नाही. ३०४ ची नवी टिप घेऊन बसवा. ती वेल्डिंग करून बसवणार असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा आणि बंपरच्या आत ओलं पोतं लावून घ्या.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "काळं पडतंय" म्हणू नका. कोरडं की तेलकट, किती किलोमीटरमध्ये आलं, लांब फेरीनंतर कमी झालं का, ॲव्हरेज किती पडलं, मागच्या पीयूसीचे आकडे आणि स्कॅनरचा कोड, एवढं मोबाइलमध्ये लिहून न्या. स्वच्छ टिपचा फोटोही दाखवा. प्लग काढले तर ते फेकू न देता बघायला मागा, कोणत्या सिलिंडरचा कोणता ते लिहून. चारपैकी एकच प्लग काळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा, आणि मग चारही इंजेक्टर बदलायचं बिल द्यायची गरज नाही.